पाचामुखी

पंचवीस वाद्यांचा मार्च पाच वाद्यांत बसवायचा
म्हणजे उठलेल्या पंगतीचं
एकाच ताटात वाढणं.
फ्रीजवर पत्र टाचलंय:
स्मृतिस्तंभ, अकराला दहा कमी, महापौरबाई पायी येतील.
खाली क्लिफर्डचं थरथरतं अक्षर:
ट्यूबा जमणार नाही. फुप्फुसं.

बेकपच्या या बँडला एके काळी
गिरणीमालक कोट शिवून द्यायचा.
कोट अजून पंचवीसच आहेत, डांबरगोळ्यांच्या वासात.
माझ्या कोटाच्या अस्तरावर निळ्या दोऱ्यानं
एच. टॅटरसॉल.
कोण होता, कुणालाच सांगता येत नाही.
त्याच्या बाह्या मी दोन इंच आत दुमडते.

दिवसा मी कवळ्या बनवते.
रात्री जेवणाच्या टेबलावर हे:
तिसऱ्या कॉर्नेटची ओळ खोडून माझ्या टेनर हॉर्नकडे,
बॅरिटोन लिनेटच्या ट्रॉम्बोनच्या गळ्यात,
विल्फचा युफोनियम तळघरात उतरवते,
क्लिफर्डच्या जागी.
ढोल कुणाला देऊ?
राहू दे. पावलं आहेतच मिरवणुकीची.

बाईंचा गुडघा नवा बसवलेला,
म्हणून पुनरावृत्तीच्या ठिपक्यांवर पेन्सिलनं लिहिते:
'पायरीशी पोचेपर्यंत'.

डोरीनचा फोन, रात्री साडेदहाला.
पोरी, ओठ टिकत नाहीत गं सलग,
मला कुठंतरी चार मात्रा गप्प बसू दे.
पाचच जण असले की गप्प बसणं महाग पडतं.
कुणाचा श्वास कापून तिला देऊ?
किरनचा दिला असता, पण तो एकोणीस वर्षांचा,
घाई एवढी की तो श्वास घेतच नाही.
शेवटी मार्चच्या ऐन मध्यात
सरळ भोक पाडलं, चार मात्रांचं,
आणि कडा नीट दुमडून घेतल्या.

पाचामुखी परमेश्वर, म्हणायचा आमचा मामा,
इस्लामपूरकडं बांधाची भांडणं मिटवताना.
ही पाच मुखं मला आतून ठाऊक आहेत:
लिनेटच्या पुढच्या दातांतली फट,
विल्फचे स्वतःचे तीन,
किरनच्या खालच्या ओठावरची खपली,
माझी अक्कलदाढ.
आणि डोरीनची वरची कवळी तर माझ्याच हातची,
कॉर्नेट टेकतो तिथं कणभर जाड ठेवलेली.
म्हणजे परमेश्वराची अर्धी बत्तिशी ॲक्रिलिकची,
सहा महिन्यांची हमी.

रविवारी गवत पांढरं.
किरननं मुखनळी काखेत धरलेली, अंडं उबवावं तशी.
बाई निघाल्या, आणि
मी धरलं होतं त्याहून हळू निघाल्या.
ठिपक्यांपाशी आम्ही एकदा वळलो, दोनदा, तिसऱ्यांदा,
विल्फ डोळ्यांनी विचारतोय, अजून?
अजून.
दरवेळी ते भोक यायचं.
पहिल्यांदा त्यातून रॉशडेलची बस गेली.
दुसऱ्यांदा कुणाच्या तरी छातीवरची पदकं एकमेकांना लागली.
तिसऱ्यांदा काहीच नाही,
फक्त काठी, पाऊल, काठी,
आणि मला वाटलं, हीच ओळ मी लिहायला हवी होती.

दोन मिनिटांची शांतता मात्र
मला वाटून द्यावी लागली नाही.
पंचवीस जणांची होती तेवढीच ती पाचांना आली,
जरा सैल,
टॅटरसॉलच्या कोटासारखी.
मग किरन एकटाच उठावाचे सूर वाजवायला पुढे झाला.
दुसरा सूर फुटला.
कुणी वळून पाहिलं नाही.

क्लबात डोरीननं कवळी काढून बशीत ठेवली,
चहाशेजारी, गुलाबी, ओली.
मग बोळक्या तोंडानं म्हणाली,
बसतंय. कुठंही टोचत नाही.
पण पुढच्या वर्षासाठी
एक प्रत चौघांची करून ठेव.

मी हो म्हटलं नाही.
कोट काढला.
बाह्या उलगडून
पुन्हा त्याच्या मापाच्या केल्या.